तोंडाच्या कॅन्सरचा ‘शेक’: शरीरात काय घडतं आणि कोणत्या टप्प्यावर काय करायचं

“मॅडम, सोमवारपासून शेक सुरू होतोय, त्याआधी दात दाखवून या म्हणालेत.” शनिवारी संध्याकाळी असं सांगत कुणी माझ्या खुर्चीत बसलं की पोटात गोळा येतो. खालच्या दोन दाढा हलत असतात, त्या काढायलाच हव्या असतात, आणि जखम भरायला मधे असतो एक रविवार. मला लागतात किमान १० ते १४ दिवस, जमलं तर ३ आठवडे.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवते. तंबाखू-चुना, मिश्री, मावा, गुटखा यांनी गालाच्या आत आणि खालच्या हिरडीजवळ झालेले कॅन्सर आमच्याकडे सतत दिसतात. मोठ्या गावी ऑपरेशन होतं, मग रेडिओथेरपी सांगतात, जिला आपल्याकडे सगळे ‘शेक’ किंवा ‘लाईट देणं’ म्हणतात. शेकाआधी आणि नंतर कित्येक वर्षं ही माणसं माझ्याकडे येत राहतात, त्यामुळे कुठे काय राहून गेलं ते मला उशिरा का होईना दिसतं. हा लेख शेक सांगितलेल्या माणसासाठी आहे, आणि त्याच्याबरोबर रोज हॉस्पिटलची पायरी चढणाऱ्यासाठीही. औषधं आणि डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण आत काय चाललंय हे कळलं, तर सांगितलेली गोष्ट वेळेवर होते.

शेक म्हणजे उष्णता नव्हे

‘शेक’ या शब्दामुळे बऱ्याच जणांना वाटतं की गाल भाजून काढणार. तसं काही होत नाही. किरणांचा डोस ‘ग्रे’मध्ये मोजतात. १ ग्रे म्हणजे १ किलो वजनाच्या ऊतीत १ ज्यूल ऊर्जा. ऑपरेशननंतर सर्वसाधारणपणे रोज २ ग्रे, असे आठवड्यातले ५ दिवस, ६ आठवडे, म्हणजे ३० वेळांत ६० ग्रे देतात. हिशोब केला तर २ ग्रेनं ऊतीचं तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकंही वाढत नाही. चहाच्या एका घोटानं तोंडात त्याहून कितीतरी जास्त ऊब येते.

मग परिणाम होतो तो कशानं? आपल्या पेशीत सर्वांत जास्त असतं ते पाणी. किरण त्या पाण्याच्या रेणूंवर आदळले की क्षणार्धात अत्यंत क्रियाशील कण तयार होतात आणि ते शेजारच्या डीएनएचे धागे तोडतात. काही धागे किरण थेटही तोडतात. डीएनए म्हणजे दोन पदरी दोर. एकच पदर तुटला तर पेशी दुसऱ्या पदराकडे बघून तो सांधते. दोन्ही पदर एकाच जागी तुटले की सांधणं अवघड होतं.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. धागे तुटलेली पेशी बहुतेक वेळा त्याच क्षणी मरत नाही. ती मरते पुढे, दोन होण्याचा प्रयत्न करते तेव्हा. म्हणून ज्या पेशी भराभर विभागतात त्यांच्यावर परिणाम लवकर दिसतो आणि ज्या सावकाश विभागतात त्यांच्यावर महिन्यांनी, वर्षांनी. तोंडाच्या आतल्या अस्तराला दोन-तीन आठवडे लागतात, जबड्याच्या हाडाला वर्षं. प्रत्येक ऊतीचं घड्याळ वेगळं आहे, आणि आपल्याला करायचं ते त्या त्या घड्याळाचा ठोका पडायच्या आधी करायचंय.

तीस वेळा का? एकदाच का नाही?

हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो, विशेषतः रोज एसटीनं ये-जा करावी लागते तेव्हा. उत्तर सापडलं १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये. क्लोद रेगो या शास्त्रज्ञानं मेंढ्यांवर प्रयोग केले. शुक्राणू बनवणाऱ्या पेशीही कॅन्सरसारख्या भराभर विभागतात. एकाच मोठ्या डोसानं मेंढ्याचे शुक्राणू बनणं थांबवायला गेलं तर वरची कातडी जळत होती. तोच परिणाम थोड्या थोड्या डोसांनी, काही दिवसांत साधला तर कातडी टिकत होती. त्याच संस्थेतल्या आंरी कुतार यांनी हीच पद्धत घशाच्या कॅन्सरवर वापरली. आजचे तीस दिवस तिथून आले.

दोन शेकांच्या मधल्या तासांत निरोगी पेशी आपले तुटलेले धागे बऱ्याच अंशी सांधून घेतात. कॅन्सरच्या पेशींची ही दुरुस्ती कच्ची असते. शिवाय गाठीच्या आतल्या भागात रक्त नीट पोचत नाही, तिथल्या पेशी प्राणवायूविना गुदमरलेल्या असतात, आणि अशा पेशी मारायला अडीच ते तीनपट डोस लागतो. बाहेरच्या पेशी मेल्या की आतल्यांपर्यंत प्राणवायू पोचतो आणि पुढच्या शेकांना त्याही सापडतात. रक्त कमी असलं तर डॉक्टर आधी ते का बघतात, आणि शेक चालू असताना विडी-सिगारेट का इतकी घातक, तेही यातून कळेल. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो, आणि शेक बोथट होतो.

आता दुसरी बाजू. उपचार सुरू होऊन साधारण ४ आठवडे झाले की वाचलेल्या कॅन्सर पेशी पूर्वीपेक्षा वेगानं वाढू लागतात. डोक्या-मानेच्या कॅन्सरवर १९८८ मध्ये विदर्स आणि सहकाऱ्यांनी केलेला हिशोब आजही शिकवला जातो: चार आठवड्यांनंतर लांबणाऱ्या प्रत्येक दिवसाची नवी वाढ रोखायलाच सुमारे ०.६ ग्रे खर्ची पडतात. म्हणजे रोजच्या २ ग्रेपैकी जवळपास तिसरा हिस्सा. नेमक्या याच काळात तोंड सर्वांत जास्त सोललेलं असतं आणि “चार दिवस थांबू, बरं वाटलं की जाऊ” हा विचार मनात येतो. थांबू नका. सण, लग्न, पेरणी, कशासाठीही नाही. मशिन बंद पडलं किंवा ताप आला आणि दिवस चुकलाच, तर तो भरून काढण्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. कधी एकाच दिवशी किमान ६ तासांच्या अंतरानं दोन शेक देऊन तो भरता येतो.

सुरू व्हायच्या आधीचे आठवडे

ऑपरेशननंतर साधारण ६ आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हावा असं बघतात. टाके भरण्याची वाट बघत घरी बसलात तर हा काळ हातातून निघून जातो. ऑपरेशनचा तपासणी अहवाल आला की लगेच पुढची चौकशी करा.

पहिलं काम दातांचं. खरं तर ऑपरेशनच्या आधीच दंतवैद्याला दाखवावं, कारण खराब दाढा ऑपरेशनमध्येच काढता येतात. किरणांच्या पट्ट्यात येणारे, हलणारे, मुळाशी पू धरलेले, वाचण्यासारखे नसलेले दात आताच काढायचे. वाचण्यासारखे असतील ते भरून घ्यायचे, टोकदार कडा घासून घ्यायच्या. धातूचे कॅप किंवा चांदी भरलेले दात असतील तर शेकाच्या डॉक्टरांना सांगा. किरण धातूवर आदळले की त्याला टेकलेल्या गालावर किंवा जिभेवर जास्त मारा होतो आणि तिथेच खोल फोड उठतो. मधे काही मिलीमीटर जाडीचं आवरण बसवलं की हा त्रास टळतो. कवळी शेकाच्या वेळी काढायची.

दुसरं, तोंड किती उघडतं ते मोजून ठेवा. आपली तीन बोटं उभी जाणं हे साधारण ठीक. वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर ३५ मिलीमीटरपेक्षा कमी असेल तर तोंड आखडलंय असं धरतात. सुपारी-गुटख्यामुळे आपल्याकडे अनेकांचं तोंड कॅन्सरच्या आधीपासूनच आखडलेलं असतं, त्यावर ऑपरेशन, त्यावर शेक. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांत किती मावतात ते मोजा आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. हाच आकडा पुढे कित्येक वर्षं कामी येणार आहे.

तिसरं, ठिकाण. ऑपरेशन मुंबईत टाटाला झालं म्हणून शेकही तिथेच घ्यायला हवा असं नाही. सहा आठवडे रोज जायचंय, तेव्हा घराजवळच्या केंद्राची चौकशी जरूर करा. आमच्या भागात बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, विदर्भात नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल. मुंबईतच घ्यायचा असेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती इथे राहण्याची सोय विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो, रेल्वे कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या माणसाला भाड्यात सवलत देते. त्या कागदांसाठी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जा.

मग मास्क. जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात, काही मिनिटांत तो घट्ट होतो. तो घालूनच सीटी स्कॅन काढतात, आणि त्यावर कुठे किती डोस पडेल याचा नकाशा तयार होतो. त्याला काही दिवस लागतात. मास्कमध्ये श्वास घेता येतो, पण बंदिस्त वाटून जीव घाबरा होत असेल तर लाजू नका, सांगा. डोळे मिटून मनातल्या मनात मोजायला सांगितलं तर बहुतेकांना जमतं. रोजचं एकूण काम १०-१५ मिनिटांचं, दुखत अजिबात नाही.

आणि तंबाखू. मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे, हे बायकांना मी मुद्दाम सांगते. सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फुकट मदत मिळते.

पहिला आठवडा: लाळ

पहिल्या दोन-चार दिवसांत काहीच वाटत नाही. मग तोंड कोरडं पडायला लागतं. इथे घड्याळाचा नियम मोडतो. लाळग्रंथींच्या पेशी फार सावकाश विभागतात, तरी त्या पहिल्याच आठवड्यात माघार घेतात. पातळ, पाण्यासारखी लाळ आधी आटते आणि उरलेली चिकट, तार येणारी होते. “थुंकी घशात अडकते” अशी तक्रार सुरू होते ती यामुळे.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ येते. ती दातांवरचं आम्ल धुते, कॅल्शियम परत बसवते, जंतूंना आवरते. ती गेल्यावर दात किती उघडे पडतात ते मी रोज बघते. म्हणून पहिल्या दिवसापासून गुळण्या: १ लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात चहाचा १ चमचा मीठ आणि १ चमचा खाण्याचा सोडा. रोज ताजं बनवायचं, दर दोन तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर तोंडात खळखळून टाकून द्यायचं. बाजारातलं झोंबणारं, अल्कोहोल असलेलं माउथवॉश नको. तुरटीही नको. ब्रश लहान मुलांचा, अगदी मऊ. पेस्ट फ्लोराइडची, तिखट चवीची नको. पाण्याची बाटली कायम हाताशी.

आजच्या आयएमआरटी पद्धतीत (यात वेगवेगळ्या दिशांनी किरण कमी-जास्त करून देतात) कानाजवळच्या लाळग्रंथीला शक्य तेवढं वाचवतात, तिथे सरासरी डोस २५-२६ ग्रेच्या आत राहिला तर वर्ष-दोन वर्षांत लाळ बरीच परत येते. तुमच्या आजारात त्या बाजूची ग्रंथी वाचवता येईल का, हे आधी विचारायला हरकत नाही.

दुसरा-तिसरा आठवडा: तोंड येतं

गालाच्या आतल्या अस्तराच्या तळाशी असलेल्या पेशी सतत नव्या पेशी वर ढकलत असतात. शेकामुळे तळाचा पुरवठा थांबतो, वरचा थर नेहमीसारखा झिजत राहतो, आणि दोन आठवड्यांत खालचं लालबुंद मांस उघडं पडतं. आधी हुळहुळणं, मग पांढुरके चट्टे, मग सलग जखम. हा कॅन्सर वाढल्याचा पुरावा नाही. दरवर्षी कुणीतरी घाबरून विचारतं, म्हणून स्पष्ट लिहिते.

याच सुमारास चव जाते. चवीच्या पेशी सुमारे १० दिवसांनी बदलतात, नव्या येणं थांबतं आणि वरण-भातही मातीसारखा लागतो. काही महिन्यांत चव बरीचशी परततेच. तोवर भुकेची वाट बघून खायचं नाही, औषधासारखं घड्याळ बघून खायचं.

काय खायचं? तिखट, आंबट, कुरकुरीत, कढत बंद. ठेचा, लिंबू, टोमॅटोचं सार, चिवडा, शेंगदाणे बंद. नाचणीची पेज तूप घालून, मुगाचं घोटलेलं वरण आणि मऊ भात, दुधात पूर्ण भिजवून कुस्करलेली भाकरी, शिकरण, लापशी, खात असाल तर उकडलेलं अंडं दुधात किंवा पेजेत फेटून. ताक आंबट नसेल तरच. थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा. वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं रोज पोटात जायला हवीत. ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. नुसत्या पेजेवर आणि नारळपाण्यावर ही भरपाई होत नाही, त्यासाठी डाळ, दूध, अंडी, पनीर, सोयाबीनचं पीठ लागतंच. मधुमेह नसेल तर मध तोंडात घोळवून सावकाश गिळल्यानं काहींना बरं वाटतं, पण दातांसाठी नंतर गुळणी करायची.

दुखणं अंगावर काढू नका. बेंझिडामाइनची गुळणी, जेवणाआधी लावायची बधिर करणारी जेली, ट्रामाडॉल, गरज पडली तर मॉर्फिन, हे सगळं डॉक्टरांकडे आहे. मॉर्फिनचं नाव ऐकून घरचे दचकतात. पण दुखणं कमी झालं तर घास जातो, घास गेला तर शेक चुकत नाही.

चौथा ते सहावा आठवडा: कसोटी

दर सोमवारी वजन करा, त्याच काट्यावर. सुरुवातीच्या वजनाचा दहावा हिस्सा उतरायच्या आतच नाकातून पोटात नळी घालण्याबद्दल बोलून घ्या. नळी म्हणजे शेवटची पायरी असं आपल्याकडे समजतात. ही नळी तात्पुरती आहे, जखम भरली की निघते, आणि तिच्यामुळे उपचार वेळेत पुरे होतात. माणूस खंगला की मास्कही सैल होतो आणि किरणांचा नेम चुकायचा धोका वाढतो. नळी असली तरी गिळता येईल तेवढं पाणी रोज गिळत राहा. न वापरलेला घसा लवकर आखडतो.

तोंडात दह्यासारखे पांढरे, पुसून निघणारे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, औषधानं चार दिवसांत फरक पडतो. मानेची कातडी काळवंडते, सोलते. घासू नका, साबण-पावडर-हळदीचा लेप काही लावू नका, मऊ सुती उपरणं गुंडाळा, दाढी वस्तऱ्यानं करू नका. दाढीचे केस त्या पट्ट्यात जातात, डोक्याचे बहुतेक राहतात.

ऑपरेशनच्या अहवालात कापलेल्या कडेला कॅन्सर उरल्याचं किंवा मानेच्या गाठीचं आवरण फोडून बाहेर आल्याचं दिसलं असेल, तर शेकाचा डोस थोडा वाढवतात आणि सोबत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध देतात. ते डीएनएची दुरुस्तीच अडवतं, त्यामुळे शेकाचा मार वाढतो, आणि तोंडाचा त्रासही. त्याचा ताण मूत्रपिंडावर आणि कानांवर येतो. लघवी कमी झाली, कानात गुंई आवाज येऊ लागला, तर पुढच्या डोसाच्या आधी सांगा.

ताप १००.४ च्या वर, दिवसभर पाणीही न जाणं, तोंडातून थांबत नसलेलं रक्त, श्वास घेताना आवाज, पाणी पिताना दरवेळी ठसका: यातलं काहीही झालं तर उद्याची वाट बघायची नाही.

एक गोष्ट घरातल्यांसाठी. बाहेरून दिलेल्या या किरणांचं अंगात काही उरत नाही. नातवाला मांडीवर घ्या, एका ताटात जेवा. वेगळं भांडं, वेगळी खोली करून आधीच खचलेल्या माणसाला आणखी एकटं पाडू नका.

शेवटच्या शेकानंतर

शेवटच्या दिवशी घंटा वाजते, पेढे वाटले जातात, आणि पुढचे दहा दिवस त्रास वाढतो. तेव्हा पेशंट हवालदिल होतो. कारण तेच जुनं: शेवटच्या आठवड्यात धागे तुटलेल्या पेशी आता विभागताना मरतायत. एक-दोन आठवड्यांनी उतार पडतो आणि महिना-दीड महिन्यात बहुतेकांचं तोंड भरून येतं. तोवर गुळण्या, दुखण्याचं औषध, नळी, सगळं चालू ठेवायचं.

तोंड भरलं की खरा धोका नजरेआड सुरू होतो. किरण लागलेल्या स्नायूंत तंतू साचत जातात. दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. तीन बोटांची दोन होतात, दोनाची एक. म्हणून दिवसातून पाच वेळा तोंड ताणून उघडायचं, १० ते ३० सेकंद धरायचं, काड्या मोजायच्या, कॅलेंडरवर लिहायचं. शेक चालू असताना जमेल तेवढं, संपल्यावर न चुकता, काही वर्षं. एक काडी कमी झाली तरी फिजिओथेरपिस्टकडे जा. एकदा घट्ट झालेलं तोंड परत उघडायला फार जड जातं. मान आणि खांद्याचे व्यायामही याच्याबरोबर.

मानेला शेक लागला असेल तर थायरॉइड मंदावू शकतो. थकवा, सूज, थंडी सहन न होणं हे “कॅन्सरचा अशक्तपणा” म्हणून सोडून देऊ नका, दर ६ ते १२ महिन्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा. तपासणीच्या तारखा पहिल्या दोन वर्षांत अजिबात चुकवू नका, आजार उलटण्याची शक्यता तेव्हाच सर्वांत जास्त.

आणि दात. लाळ नसल्यानं दात हिरडीच्या कडेला किडतात, काही महिन्यांत अख्खा दात तुटतो. रोज रात्री दंतवैद्यानं दिलेली जास्त फ्लोराइडची जेल किंवा पेस्ट, दर तीन महिन्यांनी तपासणी. हे आयुष्यभर.

जबड्याचं हाड मात्र सर्वांत सावकाश घड्याळ आहे. जबड्याचे अमेरिकन सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी १९८३ मध्ये मांडलं की शेक लागलेल्या हाडात रक्तवाहिन्या कमी होतात, प्राणवायू कमी पडतो आणि पेशी कमी होतात, म्हणून जखम भरायला लागणारं बळच त्यात उरत नाही. नंतरच्या संशोधनानं तंतू साचण्यावरही बोट ठेवलं. खालच्या जबड्याला मुळातच रक्तपुरवठा मर्यादित, त्यामुळे धोका तिथे जास्त, आणि डोस ६० ग्रेच्या पुढे गेला की आणखी. अशा हाडातला दात काढला तर खड्डा भरत नाही, हाड उघडं राहतं आणि सडू शकतं. हा धोका पाच-दहा वर्षांनीही संपत नाही.

माझ्याकडे एक शेतकरी आले होते. शेकाला चार वर्षं झालेली, तब्येत चांगली, ऊसतोडीच्या हंगामात स्वतः रानात उभे राहणारे. दाढ दुखली म्हणून दुसरीकडे एका ठिकाणी काढून घेतली. कॅन्सर “बरा झाला होता”, म्हणून त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांना कुणी विचारलं नाही. पाच महिन्यांनी ते आले तेव्हा जबड्याचं हाड बोटभर उघडं होतं आणि हनुवटीखालून पू येत होता. अर्धा जबडा काढावा लागला. कॅन्सर परत आला नव्हता.

अशा वेळी दात काढण्याऐवजी रूट कॅनाल करून मूळ तसंच ठेवता येतं बऱ्याचदा. काढणं टळणारच नसेल तर शेकाच्या डॉक्टरांशी बोलून, तयारीनिशी काढतात. पण समोरच्या दंतवैद्याला शेकाचं माहीतच नसेल तर तो हे करणार कसं?

म्हणून शेवटच्या शेकाच्या दिवशी हॉस्पिटलातून एक कागद मागून घ्या. त्यावर चार गोष्टी असाव्यात: शेक कुठल्या बाजूला लागला, एकूण किती ग्रे, किती वेळांत, कधी संपला. जबड्याच्या हाडाला किती डोस गेला ते लिहून मिळालं तर फारच उत्तम. त्याच्या दोन झेरॉक्स काढा. मूळ कागद घरी फाइलला, एक प्रत मुलाच्या किंवा सुनेच्या फोनमध्ये फोटो काढून, एक लॅमिनेट करून आधार कार्डाच्या मागे पाकिटात. आणि पुढे कधीही, कुठल्याही दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर बसायच्या आधी, तो कागद टेबलावर ठेवा.